शेजाऱ्याचं रान खंडानं मागायचंय? मग पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी

बांधाला बांध लागून असलेलं रान दोन वर्षं पडीक दिसतंय, मालक थकलेत, पोरं पुण्याला, आणि आपल्याकडं ट्रॅक्टर आहे, घरात राबणारी माणसं आहेत, तर ते रान आपण करावं असं वाटणं साहजिक आहे. पण मागायचं कसं हे बहुतेक जण चुकवतात. एक दिवस उठतात, जाऊन थेट विचारतात, "अण्णा, एकराला काय घेणार?" अण्णा म्हणतात बघू. ते बघू कधीच संपत नाही, आणि पुढच्या वर्षी तेच रान तिसऱ्याच गावच्या माणसाकडं गेलेलं दिसतं.

कारण शेजाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न पैशाचा नसतोच. "ह्याला दिलं तर परत मिळेल का" हा असतो. त्यातून तुम्ही शेजारी, म्हणजे तुमचा बांध लागून, म्हणजे उद्या बांध सरकवला तर, पीकपाहणीला, म्हणजे रानात कुणाचं कुठलं पीक आहे त्या सरकारी नोंदीला, नाव लावून घेतलं तर, कूळ लागलं तर, म्हणजे कसणाऱ्यानं कायद्यानं हक्क सांगितला तर. ही भीती तुम्ही गेल्या गेल्या काढली नाही तर दुप्पट भाव दिला तरी रान मिळत नाही. म्हणून खालचा क्रम असा लावलाय, आणि तो उलटसुलट करू नका.

आमच्याकडं बार्शी भागात रोख पैसे ठरवून घेतलं की खंडानं म्हणतात आणि पीक वाटून घेतलं की वाट्यानं किंवा बटईनं. तुमच्याकडं ठोक्यानं, मक्त्यानं, अर्धेलीनं म्हणत असतील, रीत तीच.

१. आधी घरात बसून स्वतःचा हिशोब

शेजाऱ्याकडं जायच्या आधी आपल्याला जास्तीत जास्त किती परवडतं तो आकडा वहीत लिहिलेला पाहिजे. गावात काय भाव चाललाय हे नंतर. गावातला भाव बऱ्याचदा चुरशीनं वाढवलेला असतो, दोन भाऊ एकाच रानावर बोली लावतात आणि तो आकडा मग सगळ्या शिवाराचा होऊन बसतो.

हिशोबाची रीत दाखवतो, आकडे तुमचे तुम्ही घाला. समजा एका एकरात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा.

चांगल्या साली सोयाबीन ८ क्विंटल, भाव ४,२०० धरला तर ३३,६००. बियाणं, खत, फवारणी, खुरपण, काढणी, मळणी मिळून खर्च २०,००० गेला, राहिले १३,६००. हरभरा ५ क्विंटल, ५,५०० नं २७,५००, खर्च १५,०००, राहिले १२,५००. वर्षाचे २६,१००.

वाईट साली सोयाबीन ४ क्विंटलवर आलं की १६,८०० मिळतात आणि खर्च तोच, म्हणजे ३,२०० खिशातून. हरभरा ३ क्विंटल, १६,५००, वरचे १,५०० राहिले. वर्षाला १,७०० तोटा.

आता तीन वर्षांतली दोन चांगली आणि एक वाईट धरा. दोनदा २६,१०० म्हणजे ५२,२००, त्यातून १,७०० वजा, ५०,५००, भागिले तीन, साधारण १६,८००. ह्यातूनच खंड द्यायचाय आणि ह्यातच तुमच्या घरच्या माणसांचे कष्ट आहेत. खंड १०,००० ठरला तर तुमच्या हाती वर्षाला एकरी ७,००० सुद्धा राहत नाहीत. १५,००० ठरला तर तुम्ही दुसऱ्याच्या रानात फुकट राबताय.

थांबा: नुसत्या चांगल्या सालावर खंड ठरवू नका. खंड बुडवून रान सोडावं लागतं ते ह्याच चुकीमुळं.

२. सातबारा वाचा, नुसता बघू नका

महाभूलेख ह्या सरकारी वेबसाइटवर गट नंबर टाकून सातबारा फुकट बघता येतो, सही असलेला डिजिटल पाहिजे तर त्याचे पैसे भरावे लागतात. मागायला जायच्या आधीच हे करा. त्यात चोरून काही नाही, सातबारा सगळ्यांना खुला असतो. काय बघायचं:

नावं. सगळ्यात महत्त्वाचं. रान अण्णा करतात म्हणजे अण्णांचं एकट्याचं आहे असं नाही. सामाईक खातं असेल, भावाचं, बहिणीचं, वारलेल्या भावाच्या बायकोपोरांचं नाव असेल. ज्यांची ज्यांची नावं आहेत त्यांची हो लागते.

हे मी पैसे घालून शिकलोय. आमच्या शेजारच्या तात्यांचं अडीच एकर मी तोंडी बोलून घेतलं होतं, सोयाबीन पेरलं, सप्टेंबरात शेंगा भरत आल्या आणि एका सकाळी तात्यांची बहीण आणि भाचा बांधावर उभे. "आमचं नाव हाय सातबाऱ्याला, आम्हाला कुणी इचारलं?" बाईंचं काही चुकलं नव्हतं. तात्यांनी त्यांना सांगितलंच नव्हतं आणि मी सातबारा काढलाच नव्हता. खंड तात्यांना आधीच पोच केला होता, त्यामुळं बहिणीचा हिस्सा मी वेगळा दिला, एकाच रानाचे जादा पैसे गेले, आणि तात्यांच्या घरात जे ताणलं गेलं ते माझ्यामुळं असं अजून वाटतं. तेव्हापासून सातबाऱ्यावरची सगळी नावं वहीत उतरवल्याशिवाय मी कुणाच्या ओसरीवर चढत नाही.

भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर पुढं चला. वर्ग २ असेल तर त्या जमिनीवर सरकारच्या अटी आहेत, आधी तहसीलला विचारा. जमीन आदिवासी खातेदाराची असेल आणि तुम्ही आदिवासी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आधीच्या परवानगीशिवाय ती खंडानं घेता येत नाही, जमीन महसूल कायद्यात कलम ३६ अ आहे. गावात असे तोंडी व्यवहार चालतात म्हणून ते चालतात असं समजू नका.

इतर हक्क. इथं सोसायटीचा बोजा दिसेल, बँकेचा दिसेल, कुणाचं जुनं कुळाचं नाव दिसेल, कोर्टातला दावा दिसेल. पीककर्जाचा बोजा सगळ्यांवरच असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. दावा चालू असेल तर मात्र लांब राहा.

क्षेत्र. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. १ हेक्टर म्हणजे १०० आर, आणि आर-गुंठ्यात फरक किरकोळ, म्हणून अंदाजाला ४० आर म्हणजे एकर धरा. पण लागवडीयोग्य किती आणि पोटखराबा, म्हणजे न पिकणारी जागा, किती हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. १ हेक्टर २० आर म्हणजे तीन एकर असं म्हणून व्यवहार होतो आणि त्यात १५ आर पोटखराबा असतो, ओढ्याकडचा खडक. मग कसायला राहिले १०५ आर, म्हणजे जेमतेम २.६ एकर. खंड कशाचा द्यायचा, तीनचा का २.६ चा, हे आधी ठरलं नाही तर काढणीला भांडण ठरलेलं.

३. रान बघा, पण बांधावरून

अजून मागितलेलं नाही, त्यामुळं दुसऱ्याच्या रानात कुदळ घेऊन उतरू नका. मातीचा नमुना काढताना कुणी बघितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की ह्यानं रान घेतलं, आणि मालकाला ते दुसऱ्याच्या तोंडून कळतं. तिथंच काम बिघडतं.

बांधावरून दिसतं तेवढं पुष्कळ असतं. लव्हाळा आणि हराळी किती आहे, कुंदा आहे का, पावसात पाणी कुठं साचतं, उन्हाळ्यात कुठं पांढरं फुटतं. लव्हाळ्यानं भरलेलं रान एका वर्षासाठी घेऊ नका, तुम्ही पहिलं वर्षभर साफ करणार आणि दुसऱ्या वर्षी तयार रान दुसरा कुणीतरी पेरणार. असं रान असेल तर किमान तीन वर्षांची मुदत मागायची नाहीतर पहिल्या वर्षाचा खंड कमी करून मागायचा.

गाडीवाटही आत्ताच बघा. तुमच्या रानातून आत जाता येतंय म्हणून खूश होऊ नका. हार्वेस्टर वळणार का, पावसात ट्रॉली निघणार का.

४. कुठली वेळ आणि कुणाशी बोलायचं

सालगड्याचं साल बदलतं पाडव्याला, तसंच रानाचं. रब्बीची ज्वारी काढून झाली, रान मोकळं झालं, आणि पाडवा अजून व्हायचाय, हे दिवस बोलायचे. मालकाच्या डोक्यात तेव्हाच "पुढच्या साली काय करायचं" चाललेलं असतं. मे-जूनला, पेरणीच्या तोंडावर गेलात तर एकतर दुसऱ्याला दिलेलं असतं नाहीतर घाईत जे ठरतं ते दोघांनाही नंतर टोचतं, आणि नांगरट तापायला वेळही राहत नाही.

माणूस कोण? ज्याचं नाव सातबाऱ्याला आणि ज्याचं घरात चालतं, दोघंही. कधी नाव वडिलांचं असतं आणि निर्णय पुण्याच्या मुलाचा. कधी नाव काकूंचं असतं, काका वारल्यावर लागलेलं, आणि सगळे त्यांच्या दिराशीच बोलतात. काकूंशी बोला. त्यांच्या ओसरीवर बसून, त्यांना समोर धरून बोला. मालक बाहेरगावी असेल तर फोनवर फक्त एवढंच विचारा की गावाकडं कधी येताय, जत्रेला येणार असाल तर भेटू. पहिलं मागणं फोनवर नको.

मध्ये दलाल घालू नका. शेजारी असून तिसऱ्याच्या तोंडी निरोप गेला की मालकाला वाटतं ह्याच्या मनात काहीतरी आहे.

आणि एक फार महत्त्वाचं. तुमचं त्यांच्याशी बांधाचं, पाण्याच्या पाळीचं, जनावर घुसल्याचं काही जुनं राहिलं असेल तर ते आधी मिटवा, तेही रान मागायच्या महिना-दोन महिने आधी. आदल्या दिवशी बांध नीट करून दुसऱ्या दिवशी रान मागायला गेलात तर ते लगेच ओळखू येतं.

५. पहिली भेट

संध्याकाळी, डेअरीला दूध घालून झाल्यावर, एकटं जा. बरोबर दोन माणसं नेली की मागणं दबाव वाटतं. चहाच्या टपरीवर, पारावर, लग्नात हा विषय काढू नका, तिथं मालक नाही म्हणाला तर चार लोकांसमोर म्हणाला, आणि मग त्याला नंतर हो म्हणायचं असलं तरी म्हणता येत नाही.

बोलण्याचा क्रम मी असा ठेवतो. आधी त्यांच्या रानाबद्दल, माझ्या गरजेबद्दल नाही.

"अण्णा, वरचं रान औंदा पडलंच की. गुडघ्यामुळं होत नसेल."

"कोण करणार आता. पोरगं येत नाही."

"तुमचा काय विचार आहे? तुम्ही स्वतः करणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. कुणाला द्यायचं मनात असेल तर मला एकदा विचारा, एवढंच सांगायला आलोय."

इथं गप्प बसा. खरंच गप्प. ते बोलू देत. बहुतेक वेळा पुढचं वाक्य भीतीचं असतं, सरळ नाही येत, असं येतं, "त्या वरच्या आळीच्या माणसानं दिलं होतं बाबा, मग काय झालं बघितलं ना." हेच कुळाचं. ह्याला हसून "छे, मी काय तसा आहे का" असं उत्तर देऊ नका. त्यांची भीती खोटी नाही. कुळकायदा पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा आहे, मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा, विदर्भात १९५८ चा, म्हणजे आमच्या बार्शीची हद्द ओलांडून धाराशिवच्या शिवारात गेलं की कायदाच बदलतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं कितीतरी कुळं मालक झाली, ते घराघरात माहीत आहे. आणि दुसऱ्याची जमीन रीतसर कसणाऱ्याला कूळ म्हणून दावा करायची वाट कायद्यात आजही आहे. त्यामुळं त्यांना सांगायचं ते हे:

"अण्णा, तुमचं बरोबर आहे, भीती वाटणारच. म्हणून तोंडी नको. मुदत लिहू, कोणत्या तारखेला रान मोकळं करून देणार ते लिहू, पीकपाहणी तुमच्या मोबाइलवरनं तुम्हीच करा, आणि कागद तुमच्या पोराला आणि तुमच्या वकिलाला दाखवा, ते म्हणतील तसं करू."

परत कधी देणार हे त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही बोललात, इथं अर्धं काम होतं. मी हे शब्द बोललो तेव्हा अण्णांनी हातातली तंबाखू तशीच मुठीत धरली, थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि आत हाक मारली, "चहा टाका गं." भाव अजून निघालाही नव्हता.

पहिल्या भेटीत भाव बोलू नका. त्यांनी विचारलं तरी म्हणा, "रान एकदा दोघांनी फिरून बघू, मग बोलू." घरच्यांशी बोलायला त्यांना आठ दिवस द्या. रोज जाऊन विचारू नका.

तपासा, पुढं जायच्या आधी: सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला हे कळलंय का? मालकाला स्पष्ट विचारा, "ताईंच्या कानावर घातलंय ना?" आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतः एक फोन करा.

नाही म्हणाले तर? "बरं अण्णा, काही हरकत नाही" म्हणून चहा पिऊन या. कारण विचारत बसू नका, भाव वाढवू नका. शेजार तसाच राहणार आहे. एका मालकांनी मला दोन वर्षं नाही म्हटलं आणि तिसऱ्या पाडव्याला ते स्वतः बांधावर आले.

६. दुसरी भेट रानात, टेप घेऊन

शंभर फुटी टेप, चार खुंट्या, वही. मालक चालू शकत नसतील तर त्यांचा मुलगा किंवा भाचा बरोबर पाहिजेच. एकट्यानं मोजलेलं रान मोजलेलं नसतं.

कसता येतं तेवढंच मोजा. लांबी दोन ठिकाणी, रुंदी दोन ठिकाणी, सरासरी काढा, गुणा, १,०८९ नं भागा, गुंठे आले. ४० गुंठ्यांचा एकर. वाकडं रान असेल तर तुकडे पाडून मोजा. ही सरकारी मोजणी नाही, हद्दीचा वाद ह्यानं मिटत नाही, फक्त खंड कशावर द्यायचा ते ठरतं. बांधाचे दगड कुठं आहेत त्याचे मोबाइलवर फोटो काढून तिथल्या तिथं दोघांनी एकमेकांना पाठवा. शेजारी-शेजारी व्यवहारात हे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण तुम्ही दोन्ही रानं एकदम नांगरणार आणि मधला बांध ट्रॅक्टरच्या फाळाखाली दरवर्षी वीतभर जाणार.

आता मातीचा नमुना घ्या, आता हक्क आहे. आठ-दहा ठिकाणी नागमोडी चालत, इंग्रजी व्हीसारखा खड्डा, वीतभर खोल, कडेची माती, सगळी मिसळून अर्धा किलो. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची घेऊ नका. आणि मालकाला विचारा की शेवटचं पीक कुठलं, हुमणी होती का, तूर-हरभऱ्याला मर लागायची का, तणनाशक कुठलं मारलं होतं. उसात किंवा मक्यात अॅट्राझिन जास्त पडलं असेल तर मागनं पेरलेलं सोयाबीन पिवळं पडून जातं आणि तुम्ही बियाण्याला दोष देत बसता.

पाण्याचं इथंच उभं राहून बोला. विहीर सामाईक असेल तर पाळी किती दिवसांची, कुणाकुणाची. मोटर कुणाची, जळली तर कोण भरणार, वीजबिलाची जुनी थकबाकी आहे का. "पाणी हाय की" ह्या शब्दावर रान घेऊ नका, एप्रिलमध्ये मोटर किती वेळ चालते ते विचारा.

७. आता भाव

रोख खंड का वाटा, आधी हे. मालकाला बांधील रक्कम पाहिजे आणि तुम्हाला निर्णय स्वतःच्या हातात पाहिजे असतील तर रोख. रान नवीन आहे, पावसावरचं आहे, जोखीम एकट्यानं घ्यायची नाही तर वाटा. वाटा ठरला तर "निम्मं-निम्मं" एवढं बोलून उठू नका, निम्मं कशाचं ते बोला. बियाणं-खताचा खर्च कुणाचा, फवारणी कुणाची, मळणीचे पैसे ढिगातून जाणार का आधी. आणि कडबा. ज्वारीचा कडबा, तुरीचं भुसकट, सोयाबीनचं काड ह्यावरून धान्यापेक्षा जास्त भांडणं बघितलीत मी, कारण जनावरं दोघांकडंही असतात. बांधावरचा आंबा, शेवगा, चिंच कुणाची तेही बोला, साधारण मालकाचीच ठेवा, ते बरं दिसतं.

भाव बोलताना तुमच्या वहीतला आकडा डोक्यात ठेवा आणि थोडं खालून सुरू करा, पण हसं होईल इतकं खालून नको. हप्ते दोन ठेवा, निम्मा पाडव्याला, निम्मा खरिपाचा माल विकल्यावर. पहिला हप्ता वेळेच्या एक दिवस आधी द्या. पैसे बँकेतून किंवा फोनपेनं द्या, रोख दिले तर वहीवर सही घ्या. सातबाऱ्याला चार नावं असतील तर पैसे कुणाच्या खात्यावर हे चौघांनी मिळून सांगायचं.

८. कागद

आधी हे समजून घ्या. एक वर्षाहून जास्त मुदतीचा किंवा सालोसाल चालणारा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, १९०८ च्या नोंदणी कायद्यात कलम १७ आहे. म्हणून गावात ११ महिन्यांचा करून नोटरी करतात. पण पीकविमा तुम्हाला स्वतःच्या नावानं भरायचा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार मागतात, नुसती नोटरी चालत नाही. विमा महत्त्वाचा वाटत असेल तर सरळ नोंदणी करा.

कागदात पाहिजेच असं: सगळ्या खातेदारांची नावं आणि सह्या. गट नंबर, मोजलेलं क्षेत्र, चतुःसीमा. सुरू आणि संपायची तारीख, महिना नाही, तारीख. खंड आणि हप्ते. काय करायचं नाही: बोअर पाडणार नाही, झाड तोडणार नाही, मुरूम काढणार नाही, शेड मारणार नाही, दुसऱ्याला कसायला देणार नाही. मुदत संपताना पीक उभं असेल तर काय. दोन साक्षीदार, दोन्ही घरांच्या बाहेरचे.

काहीजण "कुळहक्क मागणार नाही" अशी एक ओळ घालतात आणि निर्धास्त होतात. त्या एका ओळीवर दोघांपैकी कुणीच विसंबू नका. महसुली काम करणारा तालुक्याचा वकील दोघांनी मिळून गाठा, त्याची फी निम्मी-निम्मी द्या.

थांबा, उसाचं: ऊस लावायचा विचार असेल तर तो आत्ताच उघड बोला. आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात राहतो, वर्षाच्या कागदात तो बसतच नाही, वर खोडव्याचा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटणाऱ्या उसाचा, प्रश्न वेगळा. आणि कारखान्याला नोंद कुणाच्या नावानं, बिल कुणाच्या खात्यावर, हे लिहून घेतल्याशिवाय एक टिपरूही लावू नका.

ह्याच जागी सरकारी पैशाचं ठरवून टाका, कारण पैसे सातबाऱ्याच्या मागनं जातात. पीएम किसान, नमो शेतकरी मालकाचं, त्यावर बोलायचंच नाही. अतिवृष्टीची भरपाई आली तर ती मालकाच्या खात्यावर पडते आणि बियाणं तुमचं वाहून गेलेलं असतं, म्हणून लिहा की भरपाईतला किती भाग कुणाचा. हमीभावानं तूर किंवा सोयाबीन घालायचं असेल तर पीकपेऱ्याची नोंद असलेला मालकाचाच सातबारा लागतो आणि पैसे त्याच्याच खात्यावर येतात, तेव्हा ते किती दिवसांत तुम्हाला देणार तेही लिहा.

९. हंगामात

ई-पीक पाहणी मालकाकडून वेळेत करून घ्या. २०२१ पासून मोबाइलवरच करायची आहे आणि पीक प्रत्यक्ष रानात आहे तेच लागलं पाहिजे. अण्णांना अॅप जमत नसेल तर त्यांचा मोबाइल घेऊन त्यांना दुचाकीवर बसवून रानात न्या, खातं त्यांचं, फोटो त्यांच्यासमोर. त्यांच्या नकळत तुमच्या नावानं कुठंही नोंद लावायला जाऊ नका. इतकी मेहनत करून मिळवलेला भरवसा एका दिवसात जातो.

नांगरताना बांधापासून दोन हात आत राहा. ट्रॅक्टरवाल्याला तोंडी सांगून भागत नाही, तो ओळखीच्या रानात फोनवर बोलत औत फिरवतो. पहिल्या तासाला स्वतः बांधावर उभं राहा.

महिन्यातून एकदा मालकाला रान दाखवा. पीक वाईट असेल तेव्हा तर आवर्जून. हप्ता उशिरा जाणार असं दिसलं तर महिनाभर आधी सांगा, बुडाल्यावर नाही.

१०. परत देताना

पुढच्या वर्षी ठेवायचं असलं तरी रान एकदा परत द्या. तारखेला जा, मालकाला रानात न्या, बांधाचे दगड जुन्या फोटोशी लावून दाखवा, राहिलेला खंड द्या आणि ताबा दिल्याचं कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. धसकटं वेचलेली असावीत, ठिबकच्या नळ्या गुंडाळलेल्या, प्लॅस्टिक उचललेलं. पुढं करायचं असेल तर नवा कागद, नवी तारीख. जुन्यावरच "चालू द्या की" म्हणत सालोसाल ओढलं की नेमकी तीच परिस्थिती तयार होते जिची अण्णांना पहिल्या संध्याकाळी भीती वाटत होती.

तुम्हाला रान सोडायचं असेल तर संक्रांतीच्या आतच सांगा, म्हणजे त्यांना पाडव्यापर्यंत दुसरा माणूस बघायला वेळ मिळतो.